पाकोळ्यांचं देणं

बँकेच्या नोकरीने मला बंगळूरला नेलं आणि फुलपाखरांनी मला तिथे रुजवलं. आयुष्यात ज्यांच्यामुळे आपण थोडे शहाणे झालो त्यांची आठवण काढायला बसले, की आई-वडील, शाळेतल्या बाई आणि शेजारचे एक निवृत्त मास्तर यांच्या जोडीने मला ती फुलपाखरं आठवतात. वळवाच्या दिवसांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास माघारी येणारी. त्यांचं मी देणं लागते. ते निदान कबूल करावं, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं माहेर आजरा तालुक्यात. पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडायचं नाही. चुलीपुढे ओलं जळण वाळत घातलेलं असायचं आणि शाळेचा गणवेश अंगावरच वाळायचा. फुलपाखराला आमच्याकडे पाकोळी म्हणतात. पाऊस उघडला, गवत पिवळं पडायला लागलं, की ओढ्याच्या काठाने खुळखुळ्याच्या झुडपांना शेंगा धरायच्या. त्या वाळलेल्या शेंगा वाजवत आम्ही पोरं घरी यायचो. त्याच झुडपांवर काळ्या-निळ्या पाकोळ्या घोसाने लटकलेल्या असायच्या. फांदीला धक्का लागला की सगळ्या एकदम उठायच्या आणि पुन्हा तिथेच बसायच्या. त्या कुठून आल्या, पावसाळाभर कुठे होत्या, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. पाऊस सरला की पाकोळ्या असतातच, एवढंच मला ठाऊक होतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीलाही प्रश्न विचारता येतो, हे माझ्या गावीच नव्हतं. पुढे मी कॉमर्स घेतलं, बँकेची परीक्षा दिली आणि विज्ञानाचा संबंध दहावीतच संपला.

बंगळूरच्या शाखेत रुजू झाले तेव्हा कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. काउंटरवर बसून लोकांची पासबुकं भरायची आणि ते काय म्हणतात ते बाजूच्या सहकाऱ्याला विचारायचं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर बोलायला कोणी नसे. बदलीचा अर्ज मी मनात कितीदा तरी लिहिला होता. त्या शहरात बघण्यासारखं काही असेल, असं मला वाटतच नव्हतं.

मे महिना संपत आला होता. रविवारी सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर शेजारच्या गच्चीवर घरमालकांचे मोठे बंधू उभे होते. हातात वही, दुसऱ्या हातात मनगटी घड्याळ काढून धरलेलं. सरकारी हायस्कुलात विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि सगळी गल्ली त्यांना ‘मेष्ट्रू’ म्हणायची. धारवाडला बरीच वर्षं नोकरी झाल्यामुळे त्यांना मराठी चांगलं येत होतं. त्यांनी मला हाक मारली आणि नुसतं वर बोट दाखवलं.

गच्चीवरून फुलपाखरं चालली होती. एक गेलं की दुसरं, त्याच्या मागे तीन, मग जरा खंड, मग पुन्हा पाच-सहा. सगळी पश्चिमेकडून येत होती आणि सगळी पूर्वेकडे जात होती. कुंड्यांमधल्या फुलांवर थांबायचीही त्यांना सवड नव्हती. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची भिंत त्यांच्या वाटेत यायची. वळसा घालून जाणं सोपं होतं, पण ती भिंतीला लागून वर चढायची, टाकीवरून पलीकडे जायची, पुन्हा आधीच्या उंचीवर उतरायची आणि तीच दिशा धरायची. एकाने असं केलं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. एकामागून एक येणारं प्रत्येक फुलपाखरू तेच करत होतं. आजऱ्याच्या ओढ्याकाठी बघितलेल्या पाकोळ्या त्या याच, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

मी बराच वेळ बघत उभी राहिले. मग मेष्ट्रू म्हणाले, “बाई, बघणं पुरे झालं. आता मोजा.”

माझ्या शिक्षणाची खरी सुरुवात त्या वाक्याने झाली. समोर नारळाची दोन झाडं होती. त्या दोन झाडांमधून पाच मिनिटांत किती जातात ते मोजायचं. उलट दिशेने येणारी वेगळी लिहायची. तारीख, वेळ, वारा कुठला, ऊन की ढग, सगळं नोंदवायचं. एकही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. शून्यसुद्धा नोंदच असते, हे ते मला वारंवार सांगत. हिशेबाच्या वह्या भरण्यात माझं आयुष्य चाललं होतं, पण ताळा जुळावा यापलीकडे आकड्यांना काही अर्थ असू शकतो, हे मला त्या वहीत कळलं.

एका दुपारी त्यांनी रस्त्यावर गाडीच्या काचेला आपटून मेलेलं एक फुलपाखरू पाकिटात घालून आणलं. मी पहिल्यांदाच एखादं फुलपाखरू निवांत, जवळून पाहिलं. पंख काळे, त्यांवर फिकट निळ्या काचेच्या तुकड्यांसारखे ठिपके आणि पट्टे, उजेडासमोर धरले की आरपार उजेड दिसणारे. डोकं आणि छाती काळी, त्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. पाय मोजले तर चारच. मेष्ट्रूंनी भिंग दिलं तेव्हा पुढचे दोन आखूड पाय छातीशी घट्ट मिटलेले दिसले. मागच्या पंखावर एक बारीकशी पिशवी होती. ती नराची खूण, मादीला बोलावणारा गंध त्याच्याकडे असतो, असं त्यांनी सांगितलं. हा ब्लू टायगर. त्याच्यासारखाच, पण जास्त गडद आणि बारीक ठिपक्यांचा, तो डार्क ब्लू टायगर. तपकिरी-काळा, पंखांच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेला कॉमन क्रो. आणि त्याच्याच कुळातला डबल-ब्रँडेड क्रो, ज्याच्या नराच्या पुढच्या पंखावर दोन रेघा उमटलेल्या असतात. दक्षिण भारतातल्या या स्थलांतरात मुख्यतः हे चौघे असतात. उडताना ते ओळखायला मला बराच काळ लागला आणि तोवर मेष्ट्रू एकदाही वैतागले नाहीत.

वाचायला लागले ती त्यानंतर. मराठी मंडळाच्या वाचनालयात कृष्णमेघ कुंटे यांचं ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ हाती लागलं. मदुमलाईच्या जंगलात राहून एका मराठी तरुणाने केलेलं ते निरीक्षण वाचताना परक्या मुलखात आपल्या भाषेतला माणूस भेटल्यासारखं वाटलं. पुढे कुंटे यांनी बंगळूरच्याच नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये फुलपाखरांवर संशोधन उभं केलं. या चार जातींच्या स्थलांतरावरचा त्यांचा निबंध २००५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. त्यात कुठल्या जाती जातात, नर-माद्यांचं प्रमाण काय, दिशा कुठली, याचा नीट हिशेब आहे. १९५७ साली याच सोसायटीने काढलेलं विंटर-ब्लाइथ यांचं भारतीय फुलपाखरांवरचं जाड पुस्तक मेष्ट्रूंकडे होतं. विंटर-ब्लाइथ पेशाने शिक्षकच होते. मेष्ट्रूंना याचं फार अप्रूप होतं.

वाचलेलं आणि गच्चीवर पाहिलेलं हळूहळू जुळायला लागलं. नैऋत्य मोसमी पाऊस सह्याद्रीवर कोसळायला लागला की तिथे महिनोन्महिने ढग आणि धार. फुलपाखराला पंख तापवायला ऊन लागतं. ते मिळालं नाही तर त्याला उडता येत नाही, खाता येत नाही. म्हणून पाऊस येण्याआधी, एप्रिल ते जूनच्या दरम्यान, ती डोंगर सोडून पूर्वेकडच्या मैदानांत आणि पूर्व घाटाकडे जातात. तिकडे पाऊस बेताचा पडतो. त्यावर वेलींना नवी पालवी फुटते आणि त्या पालवीवर अंडी घालता येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीची वाट सुरू होते, ती पुन्हा सह्याद्रीच्या दिशेने. हे अंतर साधारण ३०० ते ५०० किलोमीटरचं. प्रवासातल्या माद्यांचं प्रजनन थांबलेलं असतं. शक्ती आधी पंखांना, अंडी मुक्कामाला पोचल्यावर.

आणि जी जातात तीच परत येत नाहीत. पूर्वेकडे गेलेल्यांची पोरं किंवा नातवंडं माघारी येतात. त्यांनी तो डोंगर कधी पाहिलेला नसतो. त्यांना वाट दाखवायला बरोबर जाणतं कोणी नसतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. सहा-सात महिन्यांनी गावी जाऊन आले तरी बंगळूरला येताना मला रडू यायचं, आणि आपण किती लांब आलो याचं मला फार वाटायचं. त्या दिवसापासून ते वाटणं कमी झालं. बदलीचा अर्ज मनातल्या मनातच राहिला. कन्नडमधला मी मनापासून शिकलेला पहिला शब्द ‘चिट्टे’, म्हणजे फुलपाखरू. बाकीची भाषा त्या शब्दाच्या मागून आली. काउंटरवरची माणसं माझ्याशी बोलायला लागली, की मी त्यांच्याकडे बघायला लागले, ते आता सांगता येणार नाही.

वडील गेले त्यानंतर आईला मी बंगळूरला आणलं. तिला तिथे करमत नव्हतं. शेत नाही, गोठा नाही, शेजारणीची भाषा कळत नाही. दिवसभर ती खिडकीत बसायची आणि मी घरी आले की गावी सोडायला सांगायची. माझ्या पहिल्या दिवसांत मी जशी होते तशीच ती होती, आणि तिला काय सांगावं हे मला सुचत नव्हतं.

आमच्या कॉलनीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. कुंपण नाही, नुसतं गवत, रुई आणि खुळखुळा. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी आईला तिथे घेऊन गेले. परतीची फुलपाखरं उतरली होती. एक खुळखुळ्याचं झुडूप कशाने तरी मोडून वाळलं होतं आणि हिरवी झुडपं सोडून बहुतेक सगळी त्या वाळक्या झुडपावर दाटी करून बसली होती. आम्ही खाली बसून बघितलं. फुलपाखरू पायांनी वाळकं पान ओरबाडत होतं. मग सोंड लांब करून त्या जागेवर ओला थेंब सोडायचं आणि तोच थेंब पुन्हा ओढून घ्यायचं. वाळक्या पानात मध नसतो. या झाडांत जी कडू विषारी द्रव्यं असतात ती त्यांना हवी असतात. असं करणारे बहुतेक नर. ही द्रव्यं नराच्या गंधात उतरतात, मिलनाच्या वेळी मादीला मिळतात आणि तिच्याकडून अंड्यांपर्यंत जातात. पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत ते यामुळेही.

मी हे सगळं आईला सांगत होते. तिने शेंग तोडून कानाशी हलवली आणि म्हणाली, “हे तर आपलं खुळखुळं. तागाच्या रानात बी असंच बसत्यात की ह्या पाकोळ्या. ताग मोडून पडला की लईच.” ते खरं होतं. उसाआधी रानात हिरवळीचं खत म्हणून गाडायचा ताग आणि हा खुळखुळा एकाच कुळातले, एकाच प्रजातीतले. हे मला पुस्तकातून कळलं होतं, तिने ते शेतात पाहिलं होतं.

“कुठं निघाल्यात ह्या?” तिने विचारलं.

“सह्याद्रीला. पाऊस लागायच्या आत इकडे येतात आणि दिवाळीच्या सुमारास परत जातात.”

“मग धनगरांवानीच की. पाऊसकाळ देशावर काढायचा आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं.” थोडं थांबून ती म्हणाली, “म्हणजे आपल्याच डोंगराकडं चालल्यात.”

बंगळूरवरून जाणारी फुलपाखरं आजऱ्याला पोचत नसतील, ती जवळच्या कोडगू-निलगिरीच्या बाजूला जात असतील. पण डोंगर तोच आहे आणि ते तिला पुरेसं होतं. त्या दिवसानंतर ती सकाळी प्लॉटवर जायला लागली. किती आली ते मला संध्याकाळी सांगायची आणि मी वहीत लिहायची. तिला अक्षरओळख फारशी नव्हती, पण तिचा आकडा मी कधी तपासला नाही, कारण तो चुकत नसे. गावी सोड म्हणणं बंद झालं. जी मी तिला शब्दांनी देऊ शकले नाही ती जागा तिला त्या पाकोळ्यांनी दिली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जी कृतज्ञता आहे तिचं मोठं कारण हे आहे.

दरवर्षी सारखी फुलपाखरं येत नाहीत. एखाद्या वर्षी पाच मिनिटांत मोजता मोजता दमायला होतं, एखाद्या वर्षी वहीत शून्यांचीच रांग लागते. अशा एका हंगामात मी हिरमुसले तेव्हा मेष्ट्रूंनी मला मोनार्क फुलपाखरांची हकीकत सांगितली. उत्तर अमेरिकेतली ही फुलपाखरं हिवाळ्यात नेमकी कुठे जातात हे शोधायला फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट या कॅनडातल्या जोडप्याने कित्येक दशकं घालवली. फुलपाखरांच्या पंखांना बारीक चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि कोणाला सापडली तर कळवा म्हणायचं. या कामाला ठिकठिकाणची साधी माणसं जोडली गेली. अखेर १९७५च्या जानेवारीत त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि कातालिना अग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरात देवदारासारख्या उंच झाडांवर लाखो मोनार्क बसलेले सापडले. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथे गेले तेव्हा त्यांना एका फुलपाखराच्या पंखावर चिठ्ठी दिसली. ती मिनेसोटा राज्यातल्या एका शिक्षकाच्या उपक्रमात त्याच्या विद्यार्थ्यांनी लावलेली होती. ही गोष्ट सांगताना मेष्ट्रूंचा आवाज भरून आला होता. “कुणाची चिठ्ठी उपयोगी पडेल ते लावणाऱ्याला कळत नाही,” एवढंच ते म्हणाले. शून्यांचा कंटाळा मला त्यानंतर आला नाही.

मोकळ्या प्लॉटवर यथावकाश इमारत उभी राहिली. प्लॉट ज्याचा त्याने घर बांधलं, त्यात गैर काही नाही. फुलपाखरं त्यानंतरही आली, पण इमारतीवरून वर चढून पुढे निघून गेली. उतरण्यासारखं काही खाली नव्हतं. स्थलांतर म्हणजे आकाशातली वाट असा माझा समज होता. त्या वर्षी कळलं की ती वाट जमिनीवरच्या अशा बिनकामाच्या समजल्या जाणाऱ्या तुकड्यांवर तोललेली आहे. एका मुक्कामाला रुई लागते, दुसऱ्याला दोडीचा वेल, तिसऱ्याला वाळका खुळखुळा. मधला एक तुकडा गेला की पुढचा टप्पा लांबतो.

मेष्ट्रू आता नाहीत, आईही नाही. निवृत्तीनंतर मी आजऱ्याला परत आले. ऑक्टोबरात ओढ्याकाठी जाते आणि त्याच पाकोळ्या बघते. लहानपणी जो प्रश्न पडला नाही तो आता रोज पडतो. आमच्याकडच्या नोंदी फार थोड्या आहेत. दक्षिणेकडच्या वाटा जशा थोड्याफार माहीत झाल्या तशा आपल्या सह्याद्रीच्या या भागातल्या व्हायच्या आहेत. मी माझ्या परीने लिहिते आणि फुलपाखरांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या अभ्यासकांकडे पाठवते. माझं शिक्षण एवढंच आहे आणि तेही उसनं आहे.

गावात मात्र एक गोष्ट बदललेली दिसते. उसाच्या बांधांवर तणनाशक मारायची पद्धत पडली आहे. बांध साफ दिसतो आणि त्यावर उपळसरी, रुई, खुळखुळा काही उरत नाही. कॉमन क्रोची अळी उपळसरीवर आणि दारच्या कण्हेरीवर वाढते, रुईवर त्यांच्याच भावकीतल्या दुसऱ्या पाकोळ्या वाढतात. शेतकरी काही वाईट नाहीत, त्यांना कोणी हे सांगितलेलं नाही, जसं मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मी घरोघरी जाऊन बोलते. काहींनी ओढ्याकडचा एक बांध न फवारता सोडला आहे.

वाचणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. बांधाचा, कुंपणाचा, कॉलनीच्या टोकाचा एक तुकडा तसाच राहू द्या. मे-जूनमध्ये किंवा दिवाळीच्या आसपास सगळी फुलपाखरं एकाच दिशेने जाताना दिसली तर पाच मिनिटं थांबा, मोजा आणि तारीख, दिशा लिहून ठेवा. काही दिसलं नाही तर शून्य लिहा.